मुंबईत बसून गावाकडचा ट्रॅक्टर, म्हैस, मोटार विकायचीय? मग जाहिरात सगळ्यात शेवटी द्या

दर मे महिन्यात आणि गणपतीनंतर माझ्याकडे दोन-तीन फोन ठरलेले असतात. कोणीतरी भांडुपला नाहीतर घणसोलीला राहतोय, गावी आई एकटी किंवा घर बंद, शेत वाट्यानं दिलेलं, आणि आता वडिलांचा ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटार किंवा दारातली म्हैस विकायचीय. तोपर्यंत यानं फोटो काढून ओएलएक्सवर आणि चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेलं असतं आणि मग विचारतो की गिऱ्हाईक का टिकत नाही. टिकणार कसं, कागद तयार नाहीत, गावात दाखवायला माणूस नाही, भाव मनानं लावलेला. म्हणून हे एकदाच सविस्तर लिहितोय. मी माणदेशातला, आमचं तालुक्याचं गाव सातारा जिल्ह्यातलं दहिवडी, त्यामुळे उदाहरणं तिकडची येतील, पण छोट्या शेतीवाल्या गावात व्यवहार थोड्याफार फरकानं असाच चालतो.

## १. वस्तू नक्की कोणाच्या नावावर आहे ते बघा

ट्रॅक्टरपासून सुरू करू कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. आरसी बुक काढा आणि एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून बघा. तीन गोष्टी बघायच्या: मालकाचं नाव, बँकेचा बोजा अजून दिसतोय का, आणि रजिस्ट्रेशनची मुदत. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलेलं असतं पण एचपी (आरसीवरची बँकेच्या बोजाची नोंद) कॅन्सल केलेलीच नसते, म्हणजे आरटीओच्या हिशोबात ट्रॅक्टर अजून बँकेकडे गहाण. त्यासाठी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. बँकेची शाखा मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर हेच काम महिनाभर खातं.

रजिस्ट्रेशन पहिल्यांदा १५ वर्षांचं असतं, त्यानंतर ५-५ वर्षांनी वाढवून घ्यावं लागतं. २००८ चा ट्रॅक्टर असेल आणि कोणी वाढवलं नसेल तर आधी ते करा, नाहीतर गिऱ्हाईक त्याच कारणावरून भाव पाडतं आणि त्याचं चुकत नाही. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट पण बसवून घ्या.

ट्रॉली! ट्रॉलीचं रजिस्ट्रेशन वेगळं असतं, तिचं आरसी वेगळं. गावात निम्म्या ट्रॉल्या कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेल्या, पासिंगच नाही. तशी असेल तर जाहिरातीत तसं सांगा, "ट्रॅक्टर-ट्रॉली कागदपत्रांसह" असं ठोकून देऊ नका.

आता वडील वारले असतील आणि आरसी त्यांच्याच नावावर असेल तर. आधी तुमच्या किंवा आईच्या नावावर करून घ्या, त्याचा फॉर्म ३१. मृत्यूचा दाखला लागतो, बाकीच्या वारसांची संमती लागते. बाकीचे वारस म्हणजे लग्न होऊन पुण्याला गेलेली बहीण पण आली. लोक म्हणतात ताई काय नाही म्हणणार आहे का, अहो ती नाही म्हणणार नाही, पण तिला शेजाऱ्याकडून कळलं ना की दादानं ट्रॅक्टर विकायला काढला, तर मात्र पुढची दोन वर्षं राखी कुरियरनं येते. आधी फोन करा, पैसे कसे वाटायचे ते बोलून घ्या, मग सही मागा.

शासनाच्या अनुदानावर घेतलेलं अवजार किंवा ड्रिप असेल तर वडिलांनी तेव्हा हमीपत्र लिहून दिलेलं असतं, अमुक वर्षं विकणार नाही म्हणून. ते सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (आधीचा कृषी सहायक) तपासून घ्या.

इथे थांबून बघा: आरसीला जो मोबाईल नंबर जोडलाय तो चालू आहे का? ऑनलाइन अर्जाचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. वडिलांचं सिम बंद करून टाकलेलं असतं आणि ऐन वेळी सगळं तिथे अडतं.

## २. गावात उभा राहणारा माणूस ठरवा

तुम्ही घाटकोपरला, वस्तू गावात. गिऱ्हाईक येणार मंगळवारी सकाळी दहाला, कारण त्याच दिवशी तो पंचायत समितीत कामाला आलेला असतो. त्याला "शनिवारी रात्रीच्या गाडीनं येतो मग दाखवतो" सांगितलं की तो गेला.

माणूस असा हवा जो रोज गावात असतो, ज्याला ती वस्तू चालवता येते, आणि ज्याचं गावात बरं बोललं जातं. चुलतभाऊ चालेल, पण ज्या चुलतभावाला ती वस्तू स्वतःला स्वस्तात हवीय तो अजिबात नको. तो येणाऱ्या प्रत्येकाला हळूच सांगतो की इंजिनचं काम निघालंय. माझ्या बाबतीत हे झालंय, चार महिने गिऱ्हाईक येऊन परत जात होतं आणि मी इकडे जाहिरातीचा मजकूर बदलत बसलो होतो.

त्याला काय द्यायचं ते आधीच ठरवा, ठरावीक रक्कम सांगा. "बघू रे नंतर" म्हणालात तर तो दोन्हीकडून दलाली घेणार, मग तक्रार करू नका. आणि त्याला शेवटचा भाव सांगून ठेवू नका, चहाच्या टपरीवर गेलेला आकडा गावभर होतो. दाखवायचं काम त्याचं, भाव बोलायचा तुम्ही.

## ३. भाव काढा, मनानं लावू नका

ओएलएक्सवर दिसतो तो मागितलेला भाव, तो कितीला सुटला ते तिथे लिहिलेलं नसतं. त्यापेक्षा तीन ठिकाणी विचारा: तालुक्याच्या गावचा ट्रॅक्टर मेकॅनिक, जुने ट्रॅक्टर घेणारा-देणारा डीलर, आणि मागच्या सहा महिन्यांत गावात ज्यानं तसलाच घेतला तो शेतकरी. डीलर सगळ्यात कमी सांगेल, कारण त्याला स्वतःला कमवायचंय. मेकॅनिकचा आकडा बहुतेक खऱ्याच्या जवळ असतो, फक्त त्याला आधी ट्रॅक्टर दाखवा आणि तपासायचे पैसे द्या.

मग स्वतःसाठी दोन आकडे वहीत लिहा, एक सांगायचा आणि एक ज्याच्या खाली जायचंच नाही. दोघांत फार अंतर नको. गावाकडं माणूस घासाघीस करणारच, पण साडेतीन लाखाच्या वस्तूला पाच लाख सांगितले तर तो घासाघीस पण करत नाही, नुसता "बरं बघतो" म्हणून जातो.

जनावराचा भाव फोनवर कळत नाही. सांगोल्याचा जनावरांचा बाजार रविवारी असतो, एक रविवार माणसाला तिथे नुसतं फिरायला पाठवा, तसल्याच म्हशी कितीला सुटतायत ते बघून येईल. कडबा असेल तर भाव शेकड्यावर बोलतात, म्हणजे शंभर पेंढ्यांचा, आणि पेंढी केवढी आहे त्यावर सगळं असतं, म्हणून पेंढीचा फोटो माणूस शेजारी उभा करून काढा.

## ४. वेळ

हे थोडक्यात. ट्रॅक्टर पाडव्याच्या, अक्षय्य तृतीयेच्या आणि दसऱ्याच्या आधी महिनाभर काढा. दसऱ्याच्या आधीचा पितृपक्ष मात्र सोडा, त्यात कोणी इसार (बयाणा) देत नाही, तेव्हा जाहिरातीवर पैसे घालू नका. पाण्याची मोटार फेब्रुवारी-मार्चमध्ये, उन्हाळी पिकाला पाणी लागतं तेव्हा. खिलार बैल बेंदराच्या (बैलांच्या सणाच्या) आणि पेरणीच्या आधी. कडबा ज्वारी निघाल्या निघाल्या स्वस्त असतो, कोरडी जागा असेल तर मे पर्यंत थांबा, पण उघड्यावर ठेवून वळवाचा एक पाऊस झाला की काळा पडतो आणि मग कोणी विचारत नाही.

## ५. मजकूर लिहा

लोक असं लिहितात: "ट्रॅक्टर विकणे आहे. उत्तम कंडिशन. इच्छुकांनी त्वरित संपर्क साधावा." यात कोणाला काय कळलं? मग पन्नास फोन येतात आणि पन्नास जणांना तेच तेच सांगायचं.

असं लिहा:

"विकणे आहे. ट्रॅक्टर ३५ एचपी, २०१४ मॉडेल, एमएच ११, एकहाती वापर. मीटर ४,२०० तास. मागचे टायर निम्मे, पुढचे नवीन. बोजा नाही, आरसी स्वतःच्या नावावर. हायड्रॉलिकचं किरकोळ काम आहे. ट्रॉली नाही. दहिवडीपासून ७ किमी. अपेक्षा ३ लाख ६०, समक्ष बसून बोलू. एजंट नको. फोन रात्री ८ नंतर."

दोष एक तरी लिहा, खरा असेल तो. हायड्रॉलिक उचलत नाही हे गिऱ्हाईकाला पाच मिनिटांत कळणारच आहे. आधी सांगितलं की बाकीच्या गोष्टींवर त्याचा विश्वास बसतो, लपवलं की तो चांगल्या इंजिनवर पण शंका घेतो.

म्हशीसाठी वेत (कितव्यांदा व्याली), सध्याची धार (दूध किती), गाभण असेल तर किती महिने, आणि चारी सड चालू आहेत का, एवढं पाहिजेच. "मुऱ्हा, दुसरं वेत, विऊन दीड महिना, दोन वेळचं मिळून ९ लिटर, चारी सड चालू, दोन धारा बघून घ्या." मोटारीला एचपी, सिंगल फेज की थ्री फेज, किती फुटांवर चालत होती, रिवाइंडिंग झालंय का.

नका करू: फोटोत आरसी किंवा आधार कार्ड दाखवू नका. तेच फोटो वापरून दुसरा कोणीतरी तुमच्या नावानं इसार उकळतो.

## ६. कुठे द्यायची

सगळ्यात चांगली जागा फुकट असते आणि मुंबईकराला ती आठवत नाही: दूध संकलन केंद्र. सकाळ-संध्याकाळ गावातला प्रत्येक घरचा माणूस तिथे किटली घेऊन उभा, दुधाचं फॅट मोजून होईपर्यंत त्याला वाचायला दुसरं काही नसतं. ए-४ कागदावर मोठ्या अक्षरात, एक फोटो, खाली नंबर. पाच-सहा गावांतल्या केंद्रांवर लावायला सांगा. त्यानंतर कृषी सेवा केंद्र, मेकॅनिकचं गॅरेज, सलून, एसटी स्टँडची टपरी. मालकाला विचारून लावा, आणि भिंतीवर, खांबावर खळ लावून चिकटवत सुटू नका, त्याला १९९५ चा विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे आणि कागदावर नंबर तुमचाच असतो.

दुसरं, आठवडी बाजार. बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टर स्वतः नेऊन उभा करायचा, बॉनेटवर "विकणे आहे" आणि नंबर. याच्याइतकी बोलकी जाहिरात नाही. फिरत्या रिक्षावर स्पीकर लावून पुकारणारे पण असतात, पण एका ट्रॅक्टरसाठी ते परवडत नाही, घरातलं सगळंच सामान काढायचं असेल तर विचार करा.

तिसरं, पेपरातली छोटी जाहिरात. सातारा जिल्ह्यात सकाळ, पुढारी, ऐक्य वाचले जातात आणि पन्नाशीच्या पुढचं गिऱ्हाईक, ज्याच्या हातात खरे पैसे असतात, ते अजून पेपरच बघतं. पण इथे आवृत्ती विचारा! मी पहिल्या वेळी दादरच्या एका एजंटकडे पैसे भरले, पावती घेतली, खुशीत घरी आलो. जाहिरात छापून आली मुंबई आवृत्तीत. दोन फोन आले, त्यातला एक वसईवरून, त्याला ट्रॅक्टर नको होता, मला कर्ज द्यायचं होतं. तेव्हापासून तालुक्याच्या गावातल्या वार्ताहराकडे किंवा जाहिरात घेणाऱ्या दुकानातच देतो, पैसे यूपीआयनं. शब्द मोजून पैसे असतात, म्हणून "उत्तम", "त्वरित", "इच्छुकांनी" हे आधी काढा. बाजाराच्या आदल्या दिवशी किंवा रविवारी छापायला सांगा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप शेवटी. तालुक्याचे खरेदी-विक्रीचे ग्रुप कामाचे असतात पण तिथे सकाळची पोस्ट दुपारपर्यंत वर निघून जाते, तेव्हा रात्री आठ-साडेआठला टाका, धारा आणि जेवणं आटपलेली असतात. एकच लांब व्हिडिओ टाकण्यापेक्षा ट्रॅक्टर थंड असताना पहिल्या सेल्फला चालू होतो तो वीस सेकंदांचा व्हिडिओ टाका.

शेतजमिनीची जाहिरात या सगळ्यात बसवू नका. शेतकरी नसलेल्याला कूळ कायद्यानं ती घेताच येत नाही, तो मामलाच वेगळा.

## ७. फोन घ्यायची तयारी

नंबर दोन द्या, पहिला गावातल्या माणसाचा, दुसरा तुमचा. विरारच्या लोकलमध्ये लटकत असताना "हॅलो, ट्रॅक्टर हाय का" असा फोन आला तर धड बोलता येत नाही आणि समोरच्याला वाटतं हा टाळतोय. मिस्ड कॉल आला तरी परत करा, गिऱ्हाईकं तशीच सुरुवात करतात.

वहीत लिहा: नाव, गाव, कोणासाठी बघतोय, रोख की फायनान्स. गाव विचारणं महत्त्वाचं, कारण त्या गावचा कोणीतरी तुमच्या ओळखीचा निघतोच आणि माणूस कसा आहे ते एका फोनमध्ये कळतं.

सावधान: जो वस्तू न बघता, घासाघीस न करता लगेच पैसे पाठवतो म्हणतो तो गिऱ्हाईक नाही. मिलिटरीत आहे, पोस्टिंगवर आहे, क्यूआर पाठवतो तो स्कॅन करा की पैसे येतील, ही टेप ठरलेली आहे. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन पण टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

## ८. वस्तू दाखवणं

मोटार दाखवायची असेल तर थ्री फेज लाईट त्या आठवड्यात दिवसा आहे की रात्री ते आधी बघा. हे विसरून लोकांना बोलावतात आणि गिऱ्हाईक विहिरीच्या काठावर तासभर विड्या ओढत बसतं.

ट्रॅक्टर धुवा, पण ऑईल गळतंय तिथे मुद्दाम पुसून ठेवू नका, मेकॅनिक घेऊनच येतात ते. आधीपासून गरम करून ठेवू नका. शेतात नांगर लावून दाखवायची तयारी ठेवा, डिझेल किती टाकायचं आणि कोणी ते पण बोलून घ्या, यावरून बारीक भांडणं होतात.

म्हैस असेल तर गिऱ्हाईक एका संध्याकाळची आणि दुसऱ्या सकाळची धार बघतं. आदल्या वेळची धार चुकवून दूध तुंबवू नका, म्हैस कळवळते आणि जुन्या माणसाला कास बघून लगेच कळतं. कानात बिल्ला आहे का बघा. १२ आकडी नंबरचा तो बिल्ला नसेल तर १ जून २०२४ पासून राज्यात बाजारात आणि गावात पण जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात मारून मिळतो, आणि विकल्यावर मालकाचं नाव पण तिथेच बदलायचं.

## ९. इसार

भाव जुळला की गावाकडं लगेच हातावर इसार ठेवतात, पाचशे-हजार, आणि चहा. ते छान आहे पण तेवढ्यावर वस्तू अडकवून ठेवू नका. मोठ्या वस्तूला बऱ्यापैकी रक्कम घ्या आणि इसारपावती करा: वस्तू, नंबर, ठरलेला भाव, मिळालेला इसार, बाकी कधी देणार ती तारीख, तारीख चुकली तर इसाराचं काय, दोन साक्षीदार. स्टॅम्पवर करणार असाल तर शंभरचा चालत नाही आता, ऑक्टोबर २०२४ पासून किमान ५०० चा.

"उसाचं बिल आलं की देतो" हे वाक्य कानावर पडेलच. कायद्यानं कारखान्यानं १४ दिवसांत बिल द्यायला पाहिजे, प्रत्यक्षात तुम्हाला माहितीच आहे. बिल येईल तेव्हा वस्तू ने म्हणा, हसून म्हणा. निम्मे पैसे देऊन ट्रॅक्टर नेला की उरलेल्या पैशासाठी तुम्ही मुंबईहून किती खेपा घालणार, एसटीचं तिकीट धरा, रजा धरा.

## १०. पैसे आणि ताबा

क्रम हाच: आधी पैसे खात्यात, मग किल्ली. खात्यात म्हणजे बँकेच्या अ‍ॅपमध्ये बॅलन्स बघायचा, एसएमएस किंवा स्क्रीनशॉट नाही, ते बनवता येतात. यूपीआयनं साधारण दिवसाला एक लाखच जातात, मोठी रक्कम आरटीजीएस किंवा एनईएफटीनं, आणि ते सोमवार ते शुक्रवार बँकेत जाऊनच करणारे लोक आहेत हे धरून तारीख ठरवा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका, इन्कम टॅक्स कायद्यात त्याला बंदी आहे आणि दंड घेणाऱ्याला बसतो, म्हणजे तुम्हाला.

ताबा पावतीवर तारखेसोबत वेळ लिहा. दुपारी ३.४० ला ट्रॅक्टर दिला आणि पाचला त्यानं कोणाला उडवलं तर हा कागदच तुमच्याकडे असतो. गिऱ्हाईकाच्या आधारची झेरॉक्स, सही, आणि किल्ली देतानाचा एक फोटो.

## ११. नावावर करून द्या, "तो करेल" म्हणू नका

फॉर्म २९ दोन प्रती, फॉर्म ३०, आरसी, चालू इन्शुरन्स, दोघांचे कागद, चेसिसचा छाप. राज्यातल्या राज्यात विकलं तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गिऱ्हाईक कर्नाटकातलं असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते.

कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देणं ही मुंबईकरांची सगळ्यात आवडती चूक, कारण परत यायचा कंटाळा. तो ट्रॅक्टर पुढे तिसऱ्याला, चौथ्याला जातो, आरसीवर नाव तुमचंच. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये सांगितलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याकडून. म्हणून ताब्याच्या दिवशीच गिऱ्हाईकाला घेऊन ऑनलाइन अर्ज भरा, ओटीपी तिथेच द्या, पावती नंबर स्वतःकडे ठेवा आणि महिन्याभरानं एम-परिवहनवर नाव बदललं का ते बघा.

## १२. जाहिरात उतरवा

ओएलएक्सची पोस्ट काढा, ग्रुपवर "विकला गेला" टाका. दूध केंद्रावरचे कागद फाडायला सांगू नका, त्यावर आडवं "विकला" लिहायला सांगा, नुसता फाडला तर ज्यांनी आधी नंबर फोनमध्ये घेतलाय ते विचारत राहतात. तरी पंधरा-वीस दिवस फोन येतीलच. त्यांची नावं वहीत लिहून ठेवा, कारण पुढच्या वर्षी नांगर, रोटाव्हेटर आणि मोटार काढायची आहेच ना.